आजोबांच्या कपाळावरचा निरोप

आदरणीय मावशी,

दानबीचा कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार. (हल्ली कपाळ जमिनीला टेकवायचं म्हटलं तरी मला घाम फुटतो. का, ते पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? देजॉनला थंडी पडली असेल, तेव्हा दुकानात शिवायला बसताना पायांवर घोंगडी घेत जा. जेवण वेळेवर होतंय ना? माझं होतंय. वर्गातल्या आज्या मला उपाशी राहू देत नाहीत. प्रत्येकीला आपलंच किमची मला जास्त आवडतं असं वाटतं, आणि मी तत्त्वनिष्ठ असल्यामुळे प्रत्येकीला तसंच सांगते.

पत्र कागदावर का, असं तुला वाटलं असेल. कागदावरचं पत्र पाकिटात राहतं. ज्याच्या नावानं आलंय त्यानं फोडेपर्यंत ते भलत्याच माणसाच्या तोंडावर उमटत नाही. हे शहाणपण मला अलीकडेच आलं आणि त्याची सुरुवात माझ्या नव्या फोनपासून झाली.

फोन मी चैनीसाठी घेतला नाही, हे आधी लक्षात घे. सोलमधली विमा कंपनी सोडून मी इथे नामहेला म्हाताऱ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गात भाषण केलं होतं की अक्षरं बारीक ठेवणं हा म्हाताऱ्या डोळ्यांवरचा अन्याय आहे. (आज्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना भाषण ऐकू आलं नव्हतं, पण मी थांबले म्हणून.) अन्यायाविरुद्ध बोलून स्वतःच्या हातात तळव्याएवढा फोन ठेवणं मला पटेना. म्हणून बाजारातला सर्वांत मोठा, पुस्तकासारखा उघडणारा फोन घेतला आणि त्यातली अक्षरं वाढवता येतील तेवढी वाढवली. आता पडद्यावर एका वेळी एखादं वाक्य मावतं, पण ते भिंतीपलीकडूनही वाचता येतं. वर्गातल्या मेंग आजीनं त्याच पडद्यावर आपल्या बसथांब्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा वाचलं आणि मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचून दाखवलं. त्या दिवशी मला वाटलं, पडदा अजून मोठा हवा होता.

बाकी दिवशी मात्र तसं वाटत नाही. फोन कुठल्याच खिशात जात नाही. तू शिवून दिलेल्या कोटाच्या खिशातही तो मान बाहेर काढून बसतो आणि त्या बाजूचा खांदा खाली येतो, त्यामुळे मी चालताना सतत वळण घेतेय असं दिसतं. उताणं पडून वाचताना तो दोनदा नाकावर आपटला. मेंग आजीला मी दारावर आदळले असं सांगितलं, तर ती म्हणाली, "दार फार हलकं बसवलंय तुमच्याकडे." आणि तो एका हातात राहत नाही, दोन्ही हातांनी समोर धरावा लागतो. थोरामोठ्यांना काही द्यायचं तर आपण दोन्ही हातांनीच देतो, त्यामुळे मी जिथे उभी असेन तिथे कुणाला तरी आदरानं काहीतरी अर्पण करतेय असं दिसतं. बुसानच्या मेट्रोत समोर बसलेल्या एका आजोबांनी तो खरंच घेतला. मान झुकवून घेतला, उद्याचं हवामान पाहिलं, शेजारच्यांना सांगितलं आणि मान झुकवून परत दिला. मीही झुकले. मग आणखी काय करणार?

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं. पुढचं मात्र तुझ्याशीही संबंधित आहे, म्हणून बसून वाच.

आजोबांच्या वार्षिक श्राद्धाला मी तोंगयोंगला घरी गेले होते. नोकरी सोडल्याचं बाबांना त्याच वेळी सांगायचं असं मी ठरवलं होतं. (निघतानाही ठरवलं होतं, बसमध्येही ठरवलं होतं.) पण बाबांच्या सुक्या मासळीच्या दुकानात आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर विमा कंपनीत कितव्या मजल्यावर बसते हे गिऱ्हाइकांना मासळीबरोबर फुकट मिळतं. ते ऐकल्यावर मी सांगायचं सोडून मासळी बांधून देऊ लागले. संध्याकाळी श्राद्धाचं ताट मांडलं आणि पाहतो तर आजोबांच्या तसबिरीची काच तडकलेली. पूर्वी आजोबांचे भाऊ, धाकटे आजोबा, पितरांच्या नावाची चिठ्ठी स्वतः लिहायचे आणि तसबिरीची गरजच पडत नसे. आता त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि बाबांना ती जुनी चिनी अक्षरं येत नाहीत. तेव्हा घरातली शिकलेली व्यक्ती पुढे झाली. मी तसबिरीचा फोटो काढला, फोन उघडला आणि भात-सुपाच्या मागे टेकवून उभा केला. आजोबा जवळजवळ खऱ्या चेहऱ्याएवढे दिसले. फोनची घडी बरोबर नाकावरून जात होती, पण आई म्हणाली की नाक तसंच होतं. धाकटे आजोबा इतके जवळ सरकले की त्यांच्या श्वासानं पडदा धुरकटला. "दादा, आज दिसलास बाबा," म्हणाले. मला भरून आलं. मनात पुन्हा एकदा बारीक अक्षरांविरुद्धचं भाषण सुरू झालं.

मग दारू ओतली, नमस्कार झाले आणि पितरांना निवांत जेवता यावं म्हणून आम्ही सगळे कपाळ टेकवून पडून राहिलो. त्या शांततेत फोन पितळी वाटीला लागून घुर्रर्र वाजला, अगदी कुणी घसा खाकरावा तसा. धाकट्या आजोबांनी मान वर केली. जगात आता त्यांना वाचता येतील एवढी अक्षरं फक्त माझ्या फोनवर आहेत, आणि ती त्यांच्या भावाच्या कपाळावर उमटली होती. त्यांनी ती खणखणीत आवाजात वाचली. "दानबी, नोकरी सोडल्याचं बाबांना सांगितलंस का?"

मावशी, तो निरोप तुझा होता. तुझं नाव वर होतं, पण ते बारीक होतं. (नावं मोठी करायची राहून गेली होती.)

मी कपाळ जमिनीवर तसंच ठेवलं. जमीन दुभंगेल अशी आशा होती.

"दादा विचारतोय," धाकटे आजोबा म्हणाले. "उत्तर दे."

शेजारून बाबांचा आवाज आला, जमिनीतूनच. "कधी सोडलीस?"

"तुला कोणी विचारलंय? गप्प पड," धाकटे आजोबा त्यांच्यावर खेकसले. "दादा बोलतोय ना."

पितरांसमोर खोटं बोलायचं कसं? मी मान वर केली आणि आजोबांच्या नाकावरच्या घडीकडे बघत म्हटलं की अजून सांगितलेलं नाही, आणि आता मी म्हाताऱ्या बायकांना वाचायला शिकवते. धाकट्या आजोबांनी थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली. मग फोनला म्हणाले, "ऐकलंस? मास्तरीण झालीये. चल, सूप निवतंय." आणि पुन्हा डोकं टेकवलं.

विधी पूर्ण झाला. बाबांनी शेवटचा पेला ओतताना दारू पेल्याबाहेर सांडली, पण ते ओरडले नाहीत. ते ओरडतील म्हणून मी उत्तरं पाठ करून आले होते, समाजाचं ऋण वगैरे. ती एकही उपयोगी पडली नाहीत. प्रसादाचं जेवण झालं, तेव्हा माशाचा गाभ्याचा तुकडा माझ्या भातावर ठेवत ते एवढंच म्हणाले, "मावशीला आधी कळलं." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. म्हणजे नोकरीचं त्यांना इतकं लागलेलं नाही, मावशी. लागलंय ते हे, की मुलीची गोष्ट बापाला स्वतःच्या बापाच्या कपाळावर वाचावी लागली.

यावरून मी एक गोष्ट शिकले. माणसानं स्वच्छ, सरळ आणि वेळेवर बोलावं. खरं सांगायला मोठा पडदा लागत नाही. यापुढे मी कुणापासूनही काहीही लपवणार नाही, आणि आज्यांनाही हेच शिकवणार आहे.

तब्येतीला जप.

तुझी नम्र भाची,
दानबी

ता.क. तुला एक विनंती आहे. तू तोंगयोंगला जाऊन बाबांना सांग की तुलाही फक्त श्राद्धाच्या आदल्या दिवशीच कळलं होतं, तेही चुकून. तुझं ते ऐकतात. मी स्वतः सांगितलं असतं, पण मला खोटं बोलता येत नाही.

ता.क. २. पाकीट चिकटवतानाच आईचा फोन आला. पुढच्या महिन्यात आजीचं श्राद्ध आहे. धाकट्या आजोबांनी तो मोठा फोन हवाच म्हणून हट्ट धरलाय, त्यांना वहिनीशी काहीतरी बोलायचंय म्हणे. आणि बाबा आईला म्हणाले, "फोन काय एकटा येणार आहे? घेऊन येणाऱ्या मास्तरणीला सांग, रात्री राहायलाच ये." मावशी, ते मास्तरीण म्हणाले. तेव्हा वरची विनंती रद्द समज. मी त्यांना सगळं खरंखरं सांगेन, तुला उन्हाळ्यापासूनच ठाऊक होतं हेसुद्धा.

ता.क. ३. रात्रभर विचार केला. तू आदल्या दिवशीच कळलं असंच सांग.