कुंपणापलीकडच्या फुटक्या बश्या

३ मार्च, सोमवार
आधी नाही म्हटलं. मग हो म्हटलं — पण माझ्या अटीवर!

मिसेस टॅन्सिलचा फोन होता; फेरी तीच भरवते. "डेल्फीन, अगं, यंदा दफनभूमीच्या फेरीत ओडेसा तूच!" दर वसंतात गावातली माणसं कबरींपाशी उभी राहून त्या त्या मेलेल्याच्या तोंडून बोलतात. पर्यटक येतात ते गावची लेखिका मिस ऑगस्टा हिच्यासाठी, तिने स्वतःच्या घरावर लिहिलेल्या कादंबरीसाठी. ओडेसा तिची स्वयंपाकीण. शेवटच्या प्रकरणात ओडेसा तापाने जाते आणि मिस ऑगस्टा तिच्या मातीला जाते. ते प्रकरण मी दरवर्षी वर्गात शिकवते. पोरं रडतात.

माझ्यासाठी दोन वाक्यं लिहून तयार. "मी मिस ऑगस्टाची सावली होते. मेल्यावरही तिच्या पायाशीच आहे." उभं राहायचं तेही मिस ऑगस्टाच्या संगमरवराशेजारी, ॲप्रन बांधून.

म्हटलं, "ओडेसा तिथे पुरलेली नाही. ती कुंपणापलीकडे, आम्हा काळ्यांच्या बाजूला आहे. मी तिथेच उभी राहीन. लोकांनी तिकडे यावं."

"तिकडे? अगं, गवत बघितलंस का? लोकांच्या पायात काय काय येईल!"

"येऊ दे."

मी पंचेचाळीस वर्षांची. ती गोरी, मला अगं-तूगं करते, मी तिला तुम्ही. जन्मभर असंच चाललंय, मग आज का टोचलं? राग ॲप्रनचा की त्या शब्दांचा? खरं सांगायचं तर दोन्हीचा.

६ मार्च
ओडेसाची कबर कुठली, हे सगळ्यांना ठाऊक — निळ्या काठाच्या फुटक्या बश्यांची. दगड नाही. पण मला हे सांगितलं कुणी? आठवत नाही. मुलांना म्हणते, ऐकीव गोष्ट तपासून घ्या. आणि मी?

१२ मार्च
मिसेस टॅन्सिल कबूल! "तू म्हणशील तसं. ती बाजू जरा नीटनेटकी करून घेते." इतकी सहज जिंकले की संशयच आला.

१५ मार्च, शनिवार
भुईसपाट केलंय सगळं.

गवत कापलं ते ठीक. पण शिंपले, बाटल्या, दिव्यांच्या काचा, बंद पडलेली घड्याळं, कप, बश्या — सगळं काळ्या पिशव्यांत भरून कचरा डेपोवर! आमच्यात माणूस गेलं की त्याच्या हातातला शेवटचा कप फोडून कबरीवर ठेवतात. दगड परवडायचे नाहीत, तेव्हा तीच खूण, तेच नाव. आता नुसती हिरवळ. कोण कुठे, कुणी सांगावं?

मिसेस टॅन्सिल हातमोजे घालून उभी. चेहरा उन्हाने लाल. "दोन ट्रक निघाले गं! पण आभार नको हं मानूस."

"तो कचरा नव्हता."

"फुटकं होतं सगळं, डेल्फीन."

तिला खरंच माहीत नव्हतं. हाच तर संताप! दुष्टपणा असता तर भांडता आलं असतं. डेपोवर गेले. बुलडोझर फिरून गेला होता.

१६ मार्च
चर्चमध्ये उभी राहिले. म्हटलं, येत्या शनिवारी ज्याला आपलं माणूस कुठे आहे ते आठवतं, त्याने घरातून कप घेऊन यावं. सगळ्यात पुढून वस्तीतली सर्वांत म्हातारी व्हर्लीनमावशी ओरडली, "आणि खुर्ची आणा! मी उभ्याने मेलेल्यांची ओळख परेड घेणार नाही!"

२२ मार्च, शनिवार
अख्खी वस्ती लोटली. मावशी मधोमध खुर्ची टाकून. "सरक, माझ्या आईच्या पोटावर उभा आहेस! — नाही, तो तुझा आजा नव्हे. तुझा आजा तिकडे, झाडाखाली. जिवंतपणीही सावलीतच लोळायचा!" हसणं, रडणं, भांडणं. कप फुटत होते.

मिसेस टॅन्सिल फाटकापाशी आली. हातात कागदात गुंडाळलेला एक कप. मी म्हटलं, "आत या. हातमोजे काढा." तिने काढले. माझ्या अख्ख्या आयुष्यात तिला दिलेला हा पहिला हुकूम! आवडला. आवडला याची लाजही वाटली नाही.

ओडेसाची जागा मावशीने काठीने दाखवली. बशी स्वतः फोडली — आणि खुदकन हसली! का? "उद्या. चर्चनंतर. या टॅन्सिलबाईसमोर नको."

२३ मार्च
ती कबर रिकामी आहे.

मावशी तेव्हा सात वर्षांची. त्या काळी राबणारे हात जाऊ नयेत म्हणून गोरे लोक उत्तरेकडे निघालेल्या आमच्या माणसांना गाडीतून खेचून उतरवत. म्हणून ओडेसा गुपचूप शिकागोला गेली आणि इकडे वस्तीने ती तापाने मेली म्हणून सांगितलं. रिकामं खोकं पुरलं, बश्या फोडल्या, गळे काढले. मावशीला रडू येईना, तर आईने चिमटा काढला. साथीच्या भीतीने मिस ऑगस्टा कुंपणापर्यंतसुद्धा आली नव्हती. ओडेसा तिकडे म्हातारी होऊन गेली. कादंबरीतलं आपलं मरण तिने दोनदा वाचलं होतं म्हणे.

"हे आता सांगू का, मावशी?"

"सांग की! आता कोण तिला गाडीतून उतरवणार आहे?"

ती दोन वाक्यं फाडली. येत्या शनिवारी फेरीत त्या मातीवर ओडेसा म्हणून उभी राहीन, ॲप्रनशिवाय, आणि एकच वाक्य बोलेन —

"मी इथे नाही."