चार नंबरची लाल

११ नोव्हें., रविवार. भाऊबीज.

सकाळी दिलीपला फोन. कराडला सगळे जेवायला बसायच्या बेतात होते, मागे ताटांचा आवाज. नेहमीचंच बोलला. "ताई, वरची खोली रंगवून घेतलीय. कॉलेजच्या लॅबमध्ये जागा निघतेय. ये ना परत." मीही नेहमीचंच उत्तर दिलं, डिसेंबरअखेर प्रोबेशन संपतंय, कायम झाले की बघू. कायम झाल्यावर परत कशी येणार, असं त्याने विचारलं नाही. धाकटा आहे पण समजूतदार.

संध्याकाळी बाल्कनीतून चंद्राला ओवाळलं. भाऊ जवळ नसला की आई तसंच करायची. समोर सोसायटीची नवी इमारत, वर फटाक्यांचा धूर, चंद्राचा पत्ता नाही. जिकडे असावा असं वाटलं तिकडे तोंड करून निरांजन फिरवलं. खालचा गार्ड मान वर करून बघत होता. बघू दे.

या दिवाळीत उटणं नाही, उदबत्ती नाही, केसांना तेल नाही, कारण उद्या ऑफिसात वाइन टेस्टिंग. आदल्या दिवशी हिंगाची फोडणीसुद्धा बंद. या नाकापायी माझ्या घराला कसलाच वास उरलेला नाही. शेजारच्या कुलकर्णी वहिनींनी फराळ दिला, त्यातला लसणाचा चिवडा डब्यात तसाच ठेवलाय. मंगळवारी खाईन.

१२ नोव्हें., सोम.

मेट्रोसाठी दिल्लीत सगळीकडे खोदलंय. मयूर विहार ते नोएडा, चार्टर्ड बसने सव्वा तास. ऑफिसला पोचले तोवर नाकात नुसती माती.

११ वाजता सात पांढऱ्या वाइन. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर फक्त नंबर. कुठली, केवढ्याची, काही कळू द्यायचं नाही. हुंगायचं, तोंडात घोळवायचं, थुंकायचं, वीसपैकी गुण द्यायचे. साहनी सरांचं चौथं रेस्टॉरंट फेब्रु.त गुडगावच्या नव्या मॉलमध्ये उघडतंय, त्याची अख्खी वाइन लिस्ट माझ्या गळ्यात. कोल्हापूरला फूड टेक्नॉलॉजी करताना वाटलं होतं, जन्म जॅम आणि लोणच्यांत जाणार.

१ पाणचट. २ ला कैरीच्या चिकाचा वास, वाईट नाही. ३ आणि ४ एकमेकींच्या बहिणी, दोघी बेचव. ५ मस्त! रायआवळा खाऊन वर पाणी प्यायल्यासारखी. फॉर्मवर मात्र 'गूजबेरी' लिहायचं असतं. गूजबेरी मी जन्मात पाहिलेली नाही. करवंद म्हणजे ब्लॅकबेरी, जांभूळ म्हणजे आणखी काहीतरी. माझ्या वहीत एक, फॉर्मवर दुसरं. सहा महिने हेच चाललंय, अजून कोणी पकडलं नाही.

कागद सोडले तर ५ नाशिककडची, चारशेची. अठ्ठावीसशेची शेवटून दुसरी आली. सर हसले. "मैडम, आप मेरा धंधा बंद करवाओगी." पण लिस्टमध्ये घेतली. माणूस वाईट नाही.

जेवण टेबलावर एकटीच. बाकीच्यांच्या डब्यात कांदा-लसूण असतो, नाकासाठी मी लांब बसते. सुरुवातीला बोलवायचे. आता बोलवत नाहीत.

१५ नोव्हें., गुरु.

सहा लाल वाइन. १, २, ३ ठीकठाक, ५ गोडसर, ६ नुसता तुरटपणा.

पण ४. कसं लिहू. ग्लासात नाक घातलं आणि मी कराडच्या आमच्या वखारीत उभी होते. जुलैचा महिना, भिंतींना ओल, छतापर्यंत रचलेली तरटाची पोती, ज्वारी, हरभरा, आणि अप्पा दारात स्टूल टाकून हिशोबनीसाशी वाद घालताहेत. मी थप्पीवर चढून गणितं करतेय. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. एवढे स्पष्ट ते मला स्वप्नातही दिसले नव्हते.

थुंकायचं विसरले. गिळली. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा.

डोळे पुसायला बाथरूममध्ये गेले. परत येऊन १८ गु. दिले. आजवर १६ च्या वर कोणाला दिलेले नाहीत. फळाचा वास म्हणावा तर काही लागत नव्हता, म्हणून लिहिलं, 'फळ लपलेलं आहे, वेळ द्यावा लागेल.' ओलसर, जुनी, खोल वगैरे.

कागद काढले तर सगळ्यात महाग हीच, बत्तीसशेची. सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "देखा? महंगी चीज़ खुद बोलती है." उद्घाटनाला हीच ठेवायची, मोठी ऑर्डर द्यायची, त्याआधी आणखी दोन नमुने मागवायचे. सगळं माझ्या एका शब्दावर. आज मी दिल्लीत आल्याचं सार्थक झालं, खरंच.

१७ नोव्हें., शनि.

४ ची उरलेली अर्धी मी घरी आणली, थोडी ऑ.च्या फ्रिजमध्ये ठेवली. उरलेली न्यायला परवानगी असते, मी कधी नेत नाही.

दुपारभर ग्लास समोर ठेवून बसले. प्यायले नाही, फक्त मधूनमधून हुंगत होते. एकटीने बसून वाइन हुंगणारी बेचाळीस वर्षांची बाई. आईने बघितलं असतं तर अंगारा लावला असता.

कुलकर्णींची अदिती डबा न्यायला आली. बारा वर्षांची, जन्म इथलाच. दारातच नाक मुरडलं. "मावशी, पोछे की स्मेल आ रही है. गीला पोछा." मी म्हटलं, अगं पोछा नाही, ओल्या तरटाचा वास आहे. "तरट मतलब?" बोरी, गं. धान्याची बोरी. "अच्छा," म्हणाली, आणि डबा घेऊन पळाली. जरा रागच आला. फरशी पुसायच्या फडक्याशी तुलना! बत्तीसशेची बाटली आहे म्हणावं.

२३ नोव्हें., शुक्र.

दोन नमुने आले. सर, मॅनेजर, गुडगावचा शेफ, सगळे जमले. मीच उघडली. हुंगली. काहीच नाही. म्हणजे करवंद, जांभूळ, थोडी मिरी, सगळं जागच्या जागी, चांगली वाइन. पण ती नव्हे. दुसरी उघडली, तीही तशीच.

मी सरळ सांगितलं, ही ती नाही. सरांनी लेबल दाखवलं, साल दाखवलं. मी ऐकलं नाही. "सर, माल बदल दिया है इन्होंने." सगळ्यांसमोर. स्वतःचाच आवाज चढलेला ऐकला. माझी कसली तरी वस्तू कोणी चोरून नेल्यासारखं वाटत होतं.

सरांनी तिथल्या तिथे पुरवठादाराला पत्र पाठवलं, फसवणूक केलीत म्हणून. खाली माझं नाव, 'आमच्या तज्ज्ञांच्या मते'.

२८ नोव्हें., बुध.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगेन.

पुरवठादार भडकले. मधे मिसेस डिसोझांना बोलवायचं ठरलं. साठीच्या, गोव्याच्या, तीस वर्षं याच कामात, बाहेर शिकून आलेल्या. पांढरे बारीक केस, सुती साडी. नव्या दोन्ही हुंगल्या, चाखल्या, म्हणाल्या चांगल्या आहेत. मग मी फ्रिजमधली आणली, त्या पहिल्या बाटलीतली. मनात म्हटलं, आता कळेल सगळ्यांना.

त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. चाखलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघितलं. हळू आवाजात म्हणाल्या, "बेटा, ये तो ख़राब है. इसका कॉर्क सड़ा हुआ था."

बुचाला कधीकधी बुरशी धरते, वाइनचं फळ मरतं आणि नुसता कुबट वास उरतो. शंभरातल्या काही बाटल्यांचं होतं असं. पहिल्या महिन्यात शिकवतात. मलाही माहीत होतं! पुस्तकात लिहिलंय, 'ओल्या पुठ्ठ्याचा वास'. पाठ केलं होतं. पण पुठ्ठा म्हणजे पुठ्ठा. ही तर वखार होती. माझ्या डोक्यात दोन्ही कधी एकत्र आलेच नाहीत.

वीसपैकी अठरा.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, माफीचं पत्र आपणच लिहा. लिहिलं. चार वेळा फाडून.

निघताना मिसेस डिसोझा लिफ्टपाशी भेटल्या. १० तारखेला त्या माझी परीक्षा घेणार, त्यावर सर ठरवणार, कायम करायचं की जाऊ द्यायचं. मी विचारलं, तयारी कशी करू? म्हणाल्या, तीच बाटली रोज हुंग. "जब तक मुँह अपने आप न फिर जाए." मग विचारलं, तुला तो वास आवडला का? मी हो म्हटलं. खांद्यावर हात ठेवून त्या गेल्या.

२९ नोव्हें., गुरु.

दिलीपचा फोन. कशी आहेस? मजेत. थंडी? पडायला लागली. ऑफिस? छान चाललंय.

फोन ठेवल्यावर रडले. अदितीला त्या दिवशी जे एका क्षणात कळलं ते मला कळलं नाही, कारण तिला या वासात कोणी दिसत नाही.

३ डिसें., सोम.

सकाळी, संध्याकाळी, पाच-पाच मिनिटं. छोट्या बाटलीत काढून ठेवलीय. हुंगते आणि मनात म्हणते, बुरशी. सडका कॉर्क. दोष.

अप्पा येतातच. स्टूल, धोतराचा सोगा, कानामागे पेन्सिल. हुंगून त्यांना हाकलायचं म्हणजे काय शिक्षण आहे हे.

मॅनेजर हल्ली माझ्यासमोर फार अदबीने वागतो, ते लागतं.

६ डिसें., गुरु.

आज हुंगताना मध्येच किळस आली. क्षणभर. पोछा! बरोबर म्हणाली होती पोरगी. आनंद व्हायला हवा होता. बाटलीला घट्ट झाकण लावलं, हात साबणाने धुतले, आणि मग अप्पांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. फोटोतला आठवला फक्त.

दिवसभर जेवले नाही.

१० डिसें., सोम.

परीक्षा. बारा ग्लास, तीनशेपासून पाच हजारांपर्यंतच्या, ला. आणि पां. दोन्ही. दोष असेल तर ओळखायचा, नाहीतर वर्णन आणि गु. तीस मिनिटं. मिसेस डिसोझा समोर बसून स्वेटर विणत होत्या, जणू मी तिथे नव्हतेच.

१ ते ४ सोप्या. ५ स्वस्त, पण प्रामाणिक. ७ वर नाक नेलं आणि मान आपोआप मागे गेली. विचार करायच्या आधी. लिहिलं, 'कॉर्क. बाद.'

११ मध्ये अगदी पुसट काहीतरी होतं. असेल, नसेल. दहा मिनिटं तिथेच गेली. खरंच दोष आहे की मीच शोधतेय? वास आला म्हणून बाद करू की वास हवाय म्हणून येतोय? आधी 'निर्दोष' लिहिलं, मग खोडलं. 'कॉर्क, सौम्य' लिहून कागद दिला.

त्यांनी तो विणकामाच्या पिशवीत ठेवला. निकाल शनिवारी.

११ डिसें., मंगळ.

सुटी घेतली. धुकं इतकं की समोरची नवी इमारत दिसत नाही. त्यामुळे थोडा वेळ बरं वाटलं.

मी होऊन दिलीपला फोन केला. एरवी तोच करतो, म्हणून घाबरला. म्हटलं, काही नाही, सहज. मग सगळं सांगितलं. बाटली, वखार, अठरा गु., परीक्षा, सगळं. तो हसला, पण चांगलं हसला. "अप्पांना कळलं असतं तर म्हणाले असते, आमच्या वखारीला दिल्लीत बत्तीसशेचा भाव आला."

मीही हसले. मग म्हटलं, परत आले तर पहिल्यांदा वखारीत जाऊन बसणार आहे, थप्पीवर. वास मनसोक्त घेणार, मग तो दोष असो नाहीतर काही असो.

तो म्हणाला, "ताई, तुला सांगितलं नव्हतं का मी? ते छत पाडलं ना गेल्या वर्षी. आता सिमेंटचं पक्कं गोडाऊन आहे, खाली फरशी. आणि माल सगळा प्लास्टिकच्या पोत्यांत येतो. ओल धरतच नाही. वासबिस काही नाही आता, एकदम स्वच्छ."

मी अच्छा म्हटलं. इथली सवय.

तो म्हणाला, वरची खोली मात्र तयार आहे, खिडकी रस्त्याकडे काढलीय, तुला आवडेल. मग विचारलं, "मग तुझं काय ठरतंय?" मी म्हटलं, शनिवारी कळेल. त्याला वाटलं, निकालाबद्दलच बोलतेय; मला स्वतःला काय हवंय, तेही त्याच दिवशी कळणार आहे.