वसतिगृहाच्या गच्चीवरच्या कुरडया

कोल्हापूर, गुरुवार, मे १९७४

तीर्थस्वरूप गणपतराव दाजींना धाकटा मेहुणा अंबादास याचा वाकून नमस्कार. आपला खोकला आता बसला असावा. (यंत्रमागांच्या खडखडाटात तो ऐकू येत नाही, म्हणून नाहीच असे कृपया धरू नये.) ताईला नमस्कार व पोरांना आशीर्वाद. मी ठीक आहे, उन्हामुळे नाकातून थोडे रक्त येते, पण काळजीचे नाही असे येथील कंपाउंडर म्हणाले. (डॉक्टर सुट्टीवर आहेत.)

आपले कार्ड पोचले. विद्यापीठाला सुट्टी, वसतिगृह मोकळे, झाडी हाय, वारं हाय, तर ताईला आणि पोरांना महिनाभर हवापालटाला पाठवतो की, असे आपण लिहिता. त्यावर माझे नम्र म्हणणे असे, की पाठवू नये. मी येथे हंगामी पहारेकरी आहे. या महिन्याच्या अखेरीस रेक्टरसाहेब माझी शिफारस वर पाठवणार आहेत. ती गेली तर मी कायम होईन आणि न गेली तर कबनूरला आपल्या मागावर सुताच्या कांड्या भरायला येईन (याची आठवण आपण प्रत्येक कार्डात देताच). अशा वेळी वसतिगृहात नातेवाईक सापडणे बरे नव्हे. शिवाय येथे उन्हाळ्याची मजा कशी असते ते सविस्तर लिहितो, म्हणजे आपल्याला मोह होणार नाही.

आंब्याखाली झोपावे असे सगळे सांगतात. आंब्यावर तांबड्या मुंग्या असतात, हे कोणी सांगत नाही. सर्वांत गार जागा म्हणजे ग्रंथालय, पण तेथे बसायचे तर वाचावे लागते. मी एक जाड पुस्तक उघडून त्यावर डोके टेकले, तर ग्रंथपालांनी हलवून विचारले, "कुठवर आलं, अंबादास?" पुस्तक इंग्रजी होते. तेव्हापासून मी तिकडे जात नाही.

राहिली वसतिगृहाची गच्ची. तिची किल्ली माझ्याकडे असते. वारा चांगला, पंचगंगेकडची झाडी दिसते, म्हणून मी संध्याकाळी तेथे बसत असे. पण गच्चीला ऊनही चांगले लागते, हे रेक्टरसाहेबांच्या पत्नी विमलाबाईंच्या ध्यानात आले. त्यांनी कुरडया वाळत घालायला गच्ची मागितली. त्यांना नाही कसे म्हणणार? त्या घालतात हे पाहून मेसवाल्यांच्या आईने, म्हणजे आक्कांनी, आपल्या आणल्या. मग छापखान्यातल्या निसारभाईंच्या घरून चाँदबीही आल्या. तिघींची तीन धोतरे मी एकमेकांपासून अंतरावर अंथरली, प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी सुवाच्य अक्षरात लिहून विटेखाली दाबली, आणि काठी घेऊन कावळे राखत बसलो. याला मजा म्हणावयाची असल्यास आपली मर्जी.

परवा दुपारी आभाळ भरून आले आणि वावटळ उठली. चिठ्ठ्या विटांसकट सरकल्या म्हटले तरी चालेल. मी घाबरून सगळ्या कुरडया एकाच चादरीत गोळा केल्या आणि जिन्यात आणल्या. पाऊस पडलाच नाही.

तिघी आल्या. चादर उघडली, तर बहुतेक कुरडया पांढऱ्या आणि काही चांगल्याच काळ्या. पांढऱ्या तिघींनीही आपल्याच म्हणून ओळखल्या. काळ्यांकडे बोट दाखवून आक्का म्हणाल्या, "माझ्या व्हय ह्या? आमच्यात असली कुरडई जनावर बी खात न्हाय." चाँदबी म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी बघितली तर मला माहेरी घालवतील." विमलाबाई म्हणाल्या, "कुणाच्या का असेनात, माझ्या नव्हेत."

दाजी, कुरडया कोणाच्या ते मला ठाऊक होते. त्यांची टोपली मीच वर नेली होती. पण महिनाअखेर, म्हणजे शिफारस, जवळ होती. मी म्हणालो, "माझ्या आहेत. ताईने पाठवल्या." आक्का म्हणाल्या, "मग आधीच सांगायचं की रं. बिचारी." हे बिचारी ताईला उद्देशून होते, तिला सांगू नये.

पांढऱ्या कुरडयांचे तीन वाटे झाले. आपला वाटा कमी भरला असे आक्का अजून म्हणतात, आणि ते खरे आहे. काळ्या माझ्याकडे आल्या. टाकवेनात, म्हणून काल खोलीत स्टोव्ह पेटवून तळल्या. (खोलीत स्टोव्हला मनाई आहे. तशी पाटी मीच लावली आहे.) वासाने रेक्टरसाहेब दारात येऊन उभे राहिले. मला वाटले, शिफारस गेली. त्यांनी एक कुरडई उचलून खाल्ली, मग दुसरी, मग ते खाटेवर बसले. म्हणाले, "घरी यंदा पांढऱ्याफेक झाल्यात, पण चव म्हणून नाही. कुरडई म्हणजे ही. कोणी केली?" मी बहिणीने असे सांगितले. ते म्हणाले, "बोलवा त्यांना. आमच्या घरी घालू देत. अशी माणसं ज्याच्या घरात, तो पोरगा कामाचा." उरलेल्या त्यांनी रुमालात बांधून नेल्या.

आज सकाळी विमलाबाई स्वतः जिन्यापाशी आल्या. कोणी ऐकत नाही ना, हे त्यांनी वर-खाली पाहून घेतले. मग म्हणाल्या, "तुमच्या ताईंना बोलवाच. गहू मी भिजत घालते. आणि बाकीचं कुणाला कळायची गरज नाही, तुमची शिफारस व्हायची आहे ना?" मी मान डोलावली. एकूण येथील उन्हाळा हा असा आहे. येथे येण्यासारखे काही नाही.

आपला आज्ञाधारक,
अंबादास

ता. क. ताईला रविवारच्या आत पाठवावे. पोरेही चालतील, खोल्या मोकळ्या आहेत.

आणखी ता. क. गेल्या वर्षी ताईच्या कुरडया काळ्या झाल्या म्हणून आपण ताटावरून उठलात असे ऐकतो. तिने तेव्हा जे केले तेच येथे करावे. निघण्यापूर्वी आपण तिला काही शिकवू नये.