होय, एकदा पकडलं होतं

मी शरयू मोहन धामणकर, वय बहात्तर, शिक्षण सातवी, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, अमेरिकेची नागरिक होऊन आज दोन महिने चौदा दिवस झाले, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, बीपी गोळीने ठीक आहे, आणि मला हे लिहायला कोणी बसवलेलं नाही. उलट माझी सून सुलेखा म्हणाली, "आई, आजच कशाला हे अभद्र?" अभद्र काय त्यात? उद्या मी या देशात पहिल्यांदा मत देणार. सकाळपासून एका जागी बसवत नाहीये, तर एक काम उरकून टाकते.

१. डोंबिवलीचा ब्लॉक माझी मुलगी शोभना हिला. ठेव, भाड्याने दे, वीक, तुझं तू बघ. फक्त वरच्या मजल्यावरच्या लेल्यांना विकायचा नाही. बारा वर्षं आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ओतलं, एकदा सॉरी नाही.

२. शिवणाचं मशीन आणि कात्र्या माझी नात प्रीता हिला. ड्राय क्लीनरच्या मागच्या खोलीत बसून मी याच मशीनवर अख्ख्या गावाच्या पँटी आखूड केल्या. प्रीता, मोठी कात्री कागदाला लावायची नाही. बँकेत जे असेल ते तुझ्या कॉलेजला.

३. दागिने म्हणजे चार बांगड्या. दोन शोभना, दोन सुलेखा. वाद नको.

४. शिसवी लाटणं सुलेखाला. याचं जरा सांगायला लागेल.

त्र्याहत्तर साली आम्ही गिरगावात राहायचो. तेल नाही, साखर नाही. बायका लाटणी घेऊन मोर्चाला निघाल्या, मीपण गेले. पोलिसांनी गाडीत घालून चौकीत नेलं, दुपारभर बसवलं, चहा दिला, सोडलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "झालं समाधान? आता कोणाला बोलू नकोस." पुढे मतदानाला जातानासुद्धा कुठल्या चित्रावर शिक्का मारायचा ते हेच सांगायचे. मी मान हलवायची आणि आत गेल्यावर मला हवा तिथे मारायची. ते गेले, आता लिहायला हरकत नाही.

इथे आल्यावर ह्यांची जागा आमच्या संजीवने घेतली. दोन हजार एकच्या त्या सप्टेंबरनंतर त्याने गाडीला झेंडा लावला. झेंड्याला माझी ना नाही. पण मी फोनवर बहिणीशी लढाईचं बोलायला लागले की हा खूण करायचा, बंद कर. देवळाच्या पार्किंगमध्येपण "आई, इथे नको." मग कुठे रे, बाथरूममध्ये?

या एप्रिलमध्ये माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू झाला. माझं वय आणि सोळा वर्षांचं ग्रीन कार्ड बघून मराठीत बोलायची परवानगी होती, दुभाषा संजीव. बाईने विचारलं, कधी अटक झाली होती का? मी म्हटलं, "होय, एकदा पकडलं होतं." संजीव तिला म्हणाला, "नो."

एवढं इंग्रजी मला येतं. मी टेबलावर हात आपटला. "नो नाही! येस! येस, मॅडम! रोलिंग पिन!"

संजीव पांढरा पडला. "आई, प्लीज, तुला कळत नाहीये..."

"मला कळतंय. खोटं बोलून मी इथली होणार नाही. सांग तिला सगळं."

सांगितलं बिचाऱ्याने, घाम पुसत. बाईने दोन पानं लिहून घेतली आणि पत्र येईल म्हणाली. गाडीत तो एवढंच बोलला, "तुला परत पाठवतील. खोटं बोललो म्हणून माझंही बघतील." पुढे तीन महिने जेवायला वाढलं की "हं", झालं की "हं". प्रीता मात्र येताजाता मला टाळ्या द्यायची, "आजी, यू आर सो बॅड!"

जुलैमध्ये पत्र आलं. मंजूर! मी स्वयंपाकघरात उड्या मारल्या, या गुडघ्यांनी. आणि संजीव, बेचाळीस वर्षांचा घोडा, खुर्चीत बसून रडायला लागला. म्हणाला, "त्या दिवशी मी शाळेतून आलो तर घराला कुलूप. शेजारचे म्हणाले, तुझ्या आईला पोलिसांनी नेलं. मी जिन्यात बसून होतो."

हे मला माहीतच नव्हतं. पस्तीस वर्षं मी ती गोष्ट हसत हसत सांगत आले आणि हा समोर बसून ऐकत आला. संजीव, मला तेव्हा कळायला हवं होतं. चुकले. पण तो "नो" मी तरीही खोडलाच असता.

लाटणं सुलेखाने वापरायचं, भिंतीवर टांगायचं नाही.

५. संजीवला ह्यांचं घड्याळ आणि देव्हारा. आणि एक काम, ते खाली सातव्यात सांगते. हा आठ वर्षं सिटिझन आहे, पण कुठल्या यादीत नाव नको म्हणून मतदार झाला नव्हता. गेल्या महिन्यात टपालात टाऊनची मतदारनोंदणीची दोन कार्डं आली. एक माझं, एक त्याचं. मी काही विचारलं नाही. आज चहा पिताना सहज म्हटलं, "कोणाला देणार रे?" तर म्हणतो, "आई, ते गुप्त असतं."

६. माझ्या मागे अंत्यविधीच्या हॉलमध्ये भाषणं नकोत. वीस मिनिटांत आटपा, लोकांना कामं असतात.

७. केंद्र सकाळी सातला उघडतं. मी पावणेसातला दारात उभी असणार. त्याआधीच मला काही झालं, तर रडारड, फोनाफोनी सगळं नंतर. संजीवने आधी जाऊन आपलं मत टाकायचं, मग मला हलवायचं. मी कुठे पळून जात नाही.

हे मी माझ्या हाताने लिहिलं, दोघांना वाचून दाखवलं आणि तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या. साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात, नाहीतर लतिकाला माझा इडलीपात्राचा सेट दिला असता.

सही: शरयू मोहन धामणकर

साक्षीदार:
१. लतिका गुरुनाथ सबनीस, शेजारीण
२. गुरुनाथ सबनीस, तिचा नवरा

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
सोमवार, ३ नोव्हेंबर २००८