जेलची सुई

तीर्थरूप आईस,
तुझ्या शेंडेफळाचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का? दादाला रजा मिळाली का?

तू फोनवर म्हणालीस, "माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तू आत असलीस की मला कसली भीती?" आई, मला त्याचीच भीती वाटते.

मोतीबिंदू काढताना डॉक्टर आधी डोळ्यात दाट, पारदर्शक जेल भरतात. त्यामुळे डोळ्याची पुढची काच, म्हणजे कॉर्निया, आतून जपली जाते. तिथल्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. जेलच्या सिरिंजला बोथट सुई लावून देणं हे माझं काम. ती सैल राहिली तर दाब पडताच सुटून डोळ्यात घुसू शकते.

काल मी घट्ट बसवली होती, निदान मला तसं वाटलं. डॉक्टर पहिला थेंब नेहमी बाहेर काढून बघतात. त्यांनी दाबलं आणि सुई उडून हिरव्या कापडावर पडली. कापडाखालून पेशंट आजींनी विचारलं, "झालं का गं?" डॉक्टर एवढंच म्हणाले, "दुसरी दे."

नंतर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "घरी कुकरचं झाकणही असंच लावतेस का?" तू मला ते दोनदा बघायला शिकवलंस, हे त्यांना सांगायची लाज वाटली.

तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी आत असेन. दुसऱ्या कुणावर सोपवायला मन धजत नाही. फक्त टेबलावर मला हाक मारू नकोस. तुझा आवाज ऐकला की माझं लक्ष सुईवरून उडेल. मी बोलले नाही तरी शेजारीच उभी आहे, असं समज.

तुझी,
धाकटी