रंग टोचायच्या आधी

प्रिय कादंबरी,

एकाच मजल्याचं अंतर आणि सासूनं पत्र पाठवलं म्हणून दचकू नकोस. वॉर्डात एकालाच सोडतात आणि तू फोन बंद ठेवलायस. काउंटरवरची नर्स पाकीट आत देते म्हणाली. आत्ता साडेबारा झालेत. उद्याच्या ऑपरेशनसाठी जाईला आज चार वाजता तो हिरवा रंग टोचणार. त्याच्या आत हे वाच, मध्येच ठेवू नकोस.

जेवलीस का ते विचारत नाही, जेवली नसशीलच. यशोधन ऑफिसात तोंड दाखवून तीनपर्यंत येतोय. घरून, टॅम्पिनीसहून मी एकटी आले, एमआरटीची गाडी मध्ये बदलून, चुकले नाही. शेजारच्या चिनी आजीनं लिफ्टमध्ये हातात दोन संत्री कोंबली, जाईसाठी. डोळ्यांत पाणी आणलं बाईनं. मला असली हळहळ सोसत नाही. पोर आजारी आहे, बरी होईल, एवढंच मी म्हणत आले. पण आज तेवढंही म्हणवत नाही.

मंगळवारी डॉक्टर टॅबवर चित्रं दाखवत होता तेव्हा तुला वाटलं मी पेंगतेय. सगळं बघत होते. शाळा सातवीत सुटली, डोळे नाही सुटले. यशोधन मराठीत सांगत होता तेही ध्यानात आहे. पित्ताची नळी फुगलीय, ती काढायची. रंग रक्तात सोडला की लिव्हर तो गाळून पित्तात टाकतं, मग त्या खास कॅमेऱ्यात लिव्हर फिकं पडतं आणि नळ्या तेवढ्या हिरव्या चमकतात. चार वर्षांच्या पोरीच्या नळ्या त्या, दोऱ्याएवढ्या. कुठली कापायची, कुठलीला हात लावायचा नाही, ते डॉक्टरला तेव्हा कळतं. मी मनात म्हणलं, काय हे कौतुक, आमच्या वेळचे डॉक्टर नुसत्या डोळ्यांनी कापायचे. मग तू विचारलंस, लिव्हरनं रंग गाळलाच नाही तर? तो म्हणाला, लिव्हर दमलेलं असलं तर सगळंच हिरवं दिसतं, नळी हुडकता येत नाही, मग पोट मोठं उघडावं लागतं. घरी आल्यावर मी माझी बॅग दोनदा उघडली आणि मिटली. तुझ्या ते लक्षातही आलं नाही, बरोबरच आहे.

ऑपरेशन खरं पुढच्या महिन्यात होतं. सोमवारी रक्ताचे आकडे एकदम चढले. डॉक्टर म्हणाला नळी तुंबली असणार, थांबून चालणार नाही, आणि उद्याचा शुक्रवार धरला. त्याच संध्याकाळी तू मला विचारलं होतंस, आई, बाहेरचं काही दिलं नाहीत ना तिला? मी तुझ्या अंगावर आले. म्हणलं, मला काय वेड लागलंय, दोन पोरं वाढवलीत मी, आणि तू मला शिकवतेस? तू सॉरी म्हणालीस. ते सॉरी मला पचलेलं नाही.

यशोधन सहा वर्षांचा असताना काविळीनं पिवळाधमक झाला होता. गावच्या सुलेखावहिनी मुळीची पूड देतात, ती ताकातून पाजली. नवव्या दिवशी पोरगं चिंचेवर चढलेलं. जाईचे डोळे पिवळे झाल्याचं तुम्ही फोनवर सांगितलंत, तेव्हाच मी वहिनींच्या दारात गेले. येताना बॅगेत साड्यांच्या घडीत आणली. पंधरा दिवस, तुम्ही उठायच्या आत, अनशापोटी, चमचाभर. जाई तोंड वाकडं करून इथल्या पोरांसारखं 'आजी, डोन्ट वॉन्ट लाह' म्हणायची, मी नाक दाबून पाजायची. तुला सांगितलं नाही, कारण काविळीच्या औषधाचा बोभाटा केला की गुण जातो, असं वहिनींनी बजावलेलं. शिवाय तू लगेच गूगल उघडून बसली असतीस. बसायलाच हवं होतंस.

शेवटचा चमचा मंगळवारी सकाळी दिला, डॉक्टरकडे निघायच्या आधी. नळी तुंबली नसेल, मीच तिचं लिव्हर दमवलं असेल. मला नक्की कळत नाही. डॉक्टरला कळेल, पण त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मी दोन दिवस गप्प बसले. घाबरले, दुसरं कारण नाही. आज पहाटे वहिनींना फोन लावून विचारलं, कशाची मुळी? त्या म्हणाल्या, सांगितलं तर पोरीचा गुण जाईल. मी म्हणलं, जाऊ दे गुण, नाव सांगा. सांगितलं नाही.

म्हणून उरलेली पूड याच पाकिटात घातलीय. रागानं फेकू नकोस, डॉक्टरच्या हातात दे, पंधरा दिवस चमचाभर हे सांग, आणि तो बघेपर्यंत रंग टोचू देऊ नकोस. यशोधनला अजून सांगितलेलं नाही. खोटं तुझ्याशी बोलले, म्हणून खरं आधी तुला. मला काय बोलायचं ते नंतर बोल, मी खाली लिफ्टसमोर बसलेय, कुठं जात नाही. आता ऊठ.

तू म्हणशील तर अजून तुझीच,
आई