कोल्हारची मुलतानी

१२ ऑक्टोबर १९७२, नगर
सकाळी रियाज. व्हायोलिनच्या खुंट्या सरकतात. पाऊस नाही, हवा कोरडी, लाकूड आकसलंय. खडू लावला, तेवढ्यापुरता उपयोग. बुवांना जाऊन आठ महिने झाले, तारा अजून त्यांच्याच पट्टीत, काळी एकला लावतो. स्वतंत्र वाजवायचं तर पट्टी आपली घ्यावी, सगळे सांगतात. सतरा वर्षं बुवांच्या मागे साथ केली. ते गाणार, मी मागून तेच धरणार. पुढे जायचं नाही, हा आमचा कायदा.

२९ ऑक्टोबर
संगमनेर. माझं स्वतंत्र वादन, तबल्यावर नेहमीचे हमीदभाई. पुन्हा तेच झालं. एक आलाप संपला आणि गज थांबला. पुढची ओळ बुवा घेतील म्हणून. ऐकूही आली. त्यांचा आवाज, किंचित घोगरा, डाव्या कानाशी. ते डावीकडेच बसायचे.
ह.भाई चहा पिताना म्हणाले, "मास्तर, चांगलं चाललेलं आसतं आन् मधीच थांबता. कुनाची वाट बघता?"
मी गज ढिला करून पेटीत ठेवला.
निघताना एक फेटेवाले म्हातारे पाया पडायला लागले. "लई ग्वाड वाजिवता. त्ये थांबनं तर काळजात घुसतं बगा."
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ नोव्हेंबर
लिहून टाकतो एकदा. गेल्या डिसेंबरात कोल्हारला दुपारची बैठक. बुवांनी मुलतानी राग घेतलेला. तब्येत बरी नव्हती, एका आलापानंतर दम घ्यायला थांबले. मी त्यांचीच ओळ वाजवून त्यांच्या हाती परत द्यायची, एवढंच माझं काम. दिली नाही. पुढे गेलो. पाच मिनिटं, कदाचित दहा. बुवांनी दोनदा तोंड उघडलं, मी पाहिलं. तरी थांबलो नाही. लोक वा वा करत होते.
परतीच्या एस्.टी.त म्हणाले, "दामू, छान वाजवलंस." नंतर ते बैठकीत गायलेच नाहीत. दोन महिन्यांत गेले.
आणि मला जी बोलावणी येतात ती त्या दुपारमुळे. 'कोल्हारला वाजवणारे ते तुम्हीच ना?'

६ जानेवारी १९७३
वहिनींचा, म्हणजे बुवांच्या पत्नीचा निरोप. वर्षश्राद्धाला घरीच थोडं गाणं-बजावणं. 'भावोजींनी मुलतानी वाजवावी.' नेमकी मुलतानीच. ही म्हणते, एवढं मानाने बोलावलंय, जा आणि वाजवा. हिला कोल्हारचं ठाऊक नाही.

२१ जाने.
राहवेना. दुपारी वहिनींकडे गेलो. टँकर आला होता, त्या कळशी घेऊन रांगेत. मी कळशी घेतली, पाणी भरलं, घरात आणून ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रडलो बहुतेक.
त्या पदराने कळशीचा काठ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी मागे तंबोऱ्यावर होते ना, भावोजी. तुम्ही हिसकावून नाही घेतलंत. ते बंदिशीचे शब्द विसरले होते. तुम्ही लाज राखलीत. कुणाला सांगू नकोस म्हणाले होते मला."
बाहेर पडलो तेव्हा अंगावरून ओझं उतरल्यासारखं. सायकल घ्यायचीही विसरलो.

२२ जाने.
सायकल आणायला परत. वाटेत लक्षात आलं. बंदिश सुरूच झाली नव्हती. आलाप चालला होता, नुसता आकार. विसरायला शब्द होते कुठे?
तंबोऱ्यावर बसणाऱ्या बाईला हे कळत नाही असं होणार नाही. दारात सायकल पुसून ठेवली होती. ती घेतली आणि काही न विचारता निघालो.

१५ फेब्रुवारी
वर्षश्राद्ध. मुलतानी वाजवली. माणसं वीसेक. वहिनी तंबोऱ्यावर. ठरवून बसलो होतो, थांबायचं नाही. आलाप संपला, गज थांबलाच. डावीकडे बुवा. त्यांची ओळ पूर्ण ऐकली, मग तीच वाजवली, कायद्याप्रमाणे. वहिनींचा हात तारांवरून एकदा घसरला.

३ मार्च
देवळाली प्रवराहून पत्र. स्वतंत्र वादन, परवा. आज तारा एक सूर चढवून लावल्या. माझी पट्टी. खुंट्या आज बऱ्या टिकल्या. मुलतानी घेतली, ती जागा आली, थांबलो नाही. सरळ पुढे गेलो. छान वाजलं, खरंच छान. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, आज काय, कुणी नवीन आलंय का?
संपल्यावर कान देऊन बसलो. डावीकडे काहीच नाही. मुद्दाम थांबून पाहिलं, दोनदा, तीनदा. काही नाही.
तारा परत काळी एकला उतरवल्या. अजून नाही.
परवा कुठल्या पट्टीत, ह.भाईंना तबला लावण्यासाठी उद्या कळवायचं आहे.